पापी कोण? माफी कुणाला?

गोंदियाला लागून आमचं कुडवा. इकडं धानाच्या गिरण्या, तिकडं हावड्याकडं जाणारी रेल्वे लाईन. ह्याच लाईनवरून १८९३ साली एक मराठी कवी नागपूरहून राजनांदगावला चालला होता. नोकरीच्या शोधात. जातीनं चित्पावन ब्राह्मण. नाव नारायण वामन टिळक. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. कवितेच्या, देवाधर्माच्या गप्पा झाल्या. निरोप घेताना गोऱ्यानं बायबलचा नवा करार त्यांच्या हातात ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेवता येईना. पुढं १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात तुटली. बायको लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावली.

मराठी साहित्याच्या इतिहासात ही गोष्ट मोठ्या आदरानं सांगतात. कवीच्या आत्म्याची तहान म्हणून सांगतात. पण त्याच काळात नगर जिल्ह्यात महार-मांगांच्या वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती होत होत्या. त्यांच्याबद्दल इतिहास एका ओळीत निकाल देतो — पोटासाठी गेले. दुष्काळात मिशनचं धान्य खाल्लं आणि बाटले. म्हणजे बामण गेला तर आत्म्यासाठी, महार गेला तर पोटासाठी! अरे, टिळक त्या गाडीत बसले होते ते पण पोटासाठीच ना? पण पोट फक्त आपल्यालाच असतं आणि आत्मा फक्त त्यांनाच असतो, असा इथल्या लिहिणाऱ्यांचा पक्का समज आहे.

दोस्तांनो, मी ख्रिस्ती धर्माचा प्रचार करायला बसलो नाही, शिव्या द्यायलाही नाही. मला एकच गोष्ट तपासायची आहे. तो धर्म म्हणतो, माणूस पापी आहे आणि देवाच्या कृपेनंच तो तरतो. ही शिकवण आपल्या वस्तीच्या दारात आली तेव्हा तिनं आपल्याला काय दिलं? काय दिलं नाही? आणि बाबासाहेबांनी तिच्यावर बोट ठेवलं ते नेमकं कुठं? हे आपल्या कार्यकर्त्याला चार माणसांत उभं राहून सांगता आलं पाहिजे.

१. शिकवण काय आहे?

न समजता नाकारणं हा आळस आहे. म्हणून आधी समजून घेऊ.

पहिला माणूस आदाम. त्यानं देवाची आज्ञा मोडली आणि तेव्हापासून पाप माणसाच्या रक्तात आलं. पौल नावाच्या प्रचारकानं आपल्या पत्रांतून सांगितलं की सगळ्यांनी पाप केलं आहे, कुणी सुटलेला नाही. बरं, हे पाप स्वतःच्या हातानं धुता येत नाही. कितीही दानधर्म करा, उपास करा, नियम पाळा, देणं फिटत नाही. ते देणं येशूनं क्रुसावर मरून फेडलं. जो त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याला माफी मिळते. कमावलेली नाही, फुकट. ह्या फुकट मिळणाऱ्या माफीलाच ते कृपा म्हणतात.

युरोपात पुढं ह्या फुकट मालाचाही बाजार मांडला गेला. पोपची माणसं माफीच्या चिठ्ठ्या विकायला लागली. पैसे टाका, शिक्षा कमी करून घ्या. १५१७ साली मार्टिन ल्यूथर ह्या जर्मन साधूनं त्याच्याविरुद्ध आवाज उठवला. कृपा विकत मिळत नाही, मधला दलाल नको, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडं नागपूरला १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले, नगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशननं ठाणं मांडलं, ही सगळी मंडळी ह्याच ल्यूथरच्या वाटेवरची. म्हणून त्यांच्या तोंडी सारखा एकच शब्द — कृपा.

मराठीत ही शिकवण आली ती कोणत्या शब्दांत, तेही बघण्यासारखं आहे. उद्धाराला त्यांनी शब्द घेतला 'तारण'. आता आपल्या बापजाद्यांना तारण म्हटलं की काय आठवत होतं? सावकाराकडं ठेवलेलं भांडं, बायकोच्या गळ्यातली डोरली. येशूनं स्वतःचा जीव दिला तो 'खंडणी' म्हणून. प्रार्थनेत मागायचं ते काय, तर आमचं 'ऋण' सोड. बघा, सगळी भाषा कर्जाची आणि सुटकेची. गुलामाला पैसे भरून सोडवतात तशी. ज्यानं जन्मभर दुसऱ्याचं देणं फेडलं त्याच्या कानाला ही भाषा परकी वाटली नसणार. त्याला ती कळली असणार, शास्त्र्यांपेक्षा जास्त.

येशूच्या दाखल्यांपैकी एक दाखला मी राइस मिलमध्ये हमाली करणारा माणूस म्हणून पुन्हा पुन्हा वाचला आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी नाक्यावर जातो, एक दिनार रोजी ठरवून मजूर आणतो. परत नवाला जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तास उरला तेव्हा पुन्हा जातो. काही माणसं तशीच उभी. त्यांना विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे? ती सांगतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. त्यांनाही मळ्यात धाडतो. संध्याकाळी चुकारा करताना सगळ्यांच्या हातावर एक एक दिनार! सकाळपासून घाम गाळणारे कुरकुरतात. मालक म्हणतो, तुमचं मी काय कमी केलं?

पाद्री लोक ह्याचा अर्थ स्वर्गाशी जोडतात. जोडू द्या. मला त्यातलं एक उत्तर खरं वाटतं — आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. नाक्यावर उरलेल्या माणसाला दुनिया आळशी म्हणते. हा दाखला त्याला आळशी म्हणत नाही. त्याच्या घरी पण चूल पेटली पाहिजे, एवढंच बघतो. तासाचा हिशेब मोडून भाकरीचा हिशेब करतो. कृपेची शिकवण इथं माणसाच्या फार जवळ येते.

२. कर्माची खातेवही

आता ह्या शिकवणीचा धक्का मराठी मुलखाला का बसला ते बघा. आपल्याकडं हिशेब आधीच लिहून ठेवलेला होता. त्याचं नाव कर्म. तू महार जन्मलास, कारण मागच्या जन्मी तू काहीतरी केलंस. काय केलं? ते सांगत नाहीत. कुठं लिहिलं आहे? दाखवत नाहीत. पण वसुली मात्र रोजची. असा सावकार जगात दुसरा नसेल. कर्जाचा कागद दाखवत नाही आणि व्याज पिढ्यान् पिढ्या घेतो.

आमच्याकडं म्हातारी माणसं अजून सांगतात, छप्पन सालाच्या आधी घराघरात एकच बोल होता — "मागल्या जन्मीचं भोगून रायलो बापा."

चोखोबांचं बघा. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते गाडले गेले. मातीखाली मेलेला हा संत. त्यांच्या नावावरच्या अभंगांत दोन्ही गोष्टी सापडतात. विटाळ नेमका कुणाला नाही हा सवाल सापडतो, आणि आपला हा जन्म मागच्या दोषाचं फळ ही समजूतही सापडते. बंड पण त्याच तोंडून, खातेवही पण त्याच तोंडून. माणूस एवढा मोठा, तरी खातेवही फाडता आली नाही. एवढी ती खोल गेली होती.

विठ्ठलाला आपण पतितपावन म्हणत आलो. पतित म्हणजे पडलेला. हा शब्द हळूहळू कुणाला चिकटला? १९३१ साली रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकारानं आणि भागोजी कीरांच्या पैशानं सगळ्या जातींसाठी देऊळ उभं राहिलं. त्याचं नाव पतितपावन. देऊळ खुलं झालं ही चांगली गोष्ट. पण नाव काय सांगतं? आत येणारा अस्पृश्य हा पतित, त्याला पावन करायचं. त्याला पाडलं कुणी, हे नावात नाही.

ह्या पार्श्वभूमीवर मिशनरी वस्तीत येऊन सांगतो — सगळेच पापी आहेत, एकजात सगळे. पाटील पापी, कुलकर्णी पापी, शंकराचार्य पापी, गोरा साहेब पण पापी. देवापुढं कुणाच्या जन्माला जास्त भाव नाही. दोस्तांनो, ही पण एक समता आहे. खालून मोजलेली समता. सगळ्यांना वर चढवणारी नाही, सगळ्यांना एकाच पायरीवर उतरवणारी. पण ज्यांना कायम सगळ्यात खालची पायरी दाखवली गेली, त्यांनी पहिल्यांदा ऐकलं की ब्राह्मणही त्याच पायरीवर उभा आहे. हे लहानसहान नव्हतं.

पंडिता रमाबाईंची साक्ष ह्या बाबतीत मोलाची आहे. जन्म १८५८, शास्त्री घराण्यातल्या. घरीच संस्कृत शिकलेल्या. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की शास्त्रं उलटीपालटी वाचली तेव्हा एका बाबतीत सगळ्यांचं एकमत दिसलं — बाई वाईट, आणि बाईला व शूद्राला पुरुषासारखा मोक्ष नाही. पुढं त्या इंग्लंडला गेल्या. तिथं फुलहॅमला ख्रिस्ती जोगिणी 'पतित' म्हटलेल्या बायकांना मायेनं सांभाळताना त्यांनी पाहिल्या. असं काम त्यांनी आपल्या देशात कधी पाहिलं नव्हतं. हे कशामुळं, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला दिली. परजातीची, पाच नवरे झालेली बाई. येशू तिच्याजवळ पाणी मागतो. आमच्या महाडच्या आधी जवळजवळ एकोणीसशे वर्षं, पाण्यावरची ही गोष्ट! २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण त्याच लिहितात की धर्म मिळाला तरी मनाची शांती लगेच मिळाली नाही. कृपा म्हणजे काय हे त्यांना आठेक वर्षांनी उमजलं. मग केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभारलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी उपाशी मुली आणि विधवा तिकडं नेल्या. आपला भंडारा-गोंदियाचा भाग तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. तिथं मुक्ती हा शब्द हवेत नव्हता. त्याला छप्पर होतं, हातमाग होता, शेत होतं, पाटी होती.

३. वस्तीनं मागितलं काय?

इथवर कृपेची जमेची बाजू. आता दुसरी बाजू.

१८५५ साली पुण्याच्या फुले-दांपत्याच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी मुक्ता साळवे हिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' हे मिशनचंच पत्र, १८४२ पासूनचं. निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयी. त्यात मुक्ता काय करते? यादी करते. वेद ब्राह्मणांचे, मग आमचं पुस्तक कोणतं, आमचा धर्म कोणता, ते देवालाच विचारते. आमच्या माणसांना इमारतीच्या पायात गाडलं ते सांगते. बाळंत होणाऱ्या बाईला डोक्यावर छप्पर नाही ते सांगते. मी तो निबंध तपासला तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. ही पोरगी स्वतःची पापं कुठं मोजते? कुठंच नाही. ती आपल्यावर झालेला जुलूम मोजते. मिशनच्या पत्रातच, मिशनच्या शिकवणीच्या शेजारी, एका मांगाच्या पोरीनं दुसरा हिशेब मांडून ठेवला.

नगर जिल्ह्यात जे महार-मांग पुढं मिशनकडं गेले, ते पण हाच हिशेब घेऊन गेले. त्यांना काय पाहिजे होतं? पोराला शाळा पाहिजे होती. वेठीला नेणाऱ्या पाटलापुढं कुणीतरी उभा राहणारा पाहिजे होता. आजाऱ्याला दवाखाना पाहिजे होता. माणूस म्हणून कुणी हात लावावा एवढं पाहिजे होतं. १८७६-७८ च्या दुष्काळात भाकरी पण पाहिजे होती, त्यात लाज कसली? पण मिशनऱ्याच्या वहीत रकाना वेगळा होता. ह्याला आपल्या पापाची जाणीव झाली आहे का? खरा पश्चात्ताप आहे का? का नुसता भाकरीसाठी आला? मिशनऱ्यांत ह्याच्यावर वर्षानुवर्षं वाद चालले. १९३३ साली पिकेट नावाच्या मिशनऱ्यानं सामुदायिक धर्मांतरांवर पुस्तकच लिहिलं, लोक कोणत्या हेतूनं येतात ते तपासायला.

म्हणजे बघा कसा घोळ झाला. आपला माणूस दारात उभा राहून सांगतो, माझ्यावर अन्याय झाला. आतला माणूस त्याला सांगतो, तुझं पाप माफ झालं. त्यानं मागितला न्याय, ह्यानं दिली क्षमा. क्षमा वाईट नसते. पण ज्यानं मार खाल्ला त्यालाच क्षमा कशी द्यायची? ती द्यायची मारणाऱ्याला. तीही त्यानं मागितली तर.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण इथं उपयोगी आहे. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पण 'स्मृतिचित्रे' वाचा. त्यांच्यात खरी उलथापालथ झाली ती आधी. जात देवानं केली नाही, माणसानं केली, हे एक दिवस त्यांना कळलं आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. आधी विटाळ गेला, मग देव आला. सोवळ्यात वाढलेल्या बाईचं पाप कोणतं होतं ते तिला स्वतःला नेमकं सापडलं. तिला आदामापर्यंत जावं लागलं नाही. ते आपल्याच स्वयंपाकघरात होतं.

४. बाबासाहेबांचा सवाल

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडं धावले. मिशनरीही आले. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा बारकाईनं अभ्यास केला. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढं बोलताना त्यांनी सांगितलं की तौलनिक अभ्यासात मनाला ओढ लावणारी दोनच माणसं आपल्याला भेटली, एक बुद्ध आणि दुसरा ख्रिस्त. पण त्याच भाषणात त्यांनी सुनावलं की तुमच्यातली शिकली-सवरलेली पोरं गावातल्या भावंडांना विसरली, सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही लढा दिला नाही.

ह्याच्या मागचा विचार त्यांनी धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवरच्या लेखात मांडला. तो लेख त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र सरकारनं १९८९ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात तो आणला. कार्यकर्त्यानं तो वाचलाच पाहिजे. त्यांचा मुद्दा माझ्या शब्दांत सांगतो. समाजशास्त्र म्हणतं, माणूस पडतो तो भोवतालच्या वाईट परिस्थितीमुळं. ख्रिस्ती शिकवण म्हणते, माणूस पडतो तो पापामुळं. अस्पृश्य जेव्हा ख्रिस्ती होतो तेव्हा त्याची नजर परिस्थितीवरून उचलून पापावर नेली जाते. हिंदू होता तोवर त्याला सांगितलं, मागच्या जन्मीच्या कर्मानं तू असा झालास. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, आदामाच्या पापानं तू असा झालास. दोन्हीकडं दोष त्याच्याच पदरात. मग तो लढणार कुणाशी?

हा वार नेमका आहे. कर्माची खातेवही फाडली, पण नवी वही उघडली. नव्या वहीत कर्ज माफ होतं हे खरं. पण कर्ज होतं, हे तर कबूल करावंच लागतं! बाबासाहेब विचारतात ते ह्याच्या आधीचं — कर्ज होतंच कुठं? देणं आमचं नाही, देणं त्यांचं आहे.

आणि मंडळीच्या आत तरी सगळे पापी सारखे बसले का? दक्षिणेत कित्येक चर्चांत जातीची बाकं वेगळी राहिली, कबरस्तानं सुद्धा वेगळी राहिली. पाप गेलं, जात राहिली. पुढं १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख दलितांना, १९९० साली आपल्याला, बौद्धांना, त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलिताला नाहीत. सरकारी दप्तरात त्याची जात गेली, गावात मात्र तिथंच राहिली. त्याची ही लढाई आपली लढाई आहे. तो आपला भाऊ आहे. वेगळ्या दारानं बाहेर पडला एवढंच.

५. त्यांच्यातले विचारणारे

खरं बोलायचं तर हा सवाल फक्त आपणच केला असं नाही. जोतिबांनी येशूला पापं धुणारा म्हणून घेतलं नाही, बळीराजाच्या मालिकेत बसवलं. दीनदुबळ्यांच्या बाजूनं उभा राहून मारला गेलेला बळी. पुढं त्या धर्मातलेच लोक जागे झाले. कोरियात १९७० नंतर कष्टकऱ्यांच्या बाजूच्या ख्रिस्ती विचारवंतांनी सांगितलं की पाप ही राज्य करणाऱ्यांची भाषा आहे. तुडवलेल्या माणसाच्या पोटात साचलेलं असतं ते पाप नसतं, तो कोंडलेला संताप असतो. आपल्याकडं अरविंद निर्मळ ह्यांनी १९८० च्या सुमाराला दलित ख्रिस्ती विचाराची मांडणी सुरू केली आणि येशूला दलित म्हणून बघितलं. जर्मनीत बोनहोफर नावाच्या पाद्र्यानं १९३७ साली 'स्वस्त कृपे'वर कोरडे ओढले. काही बदलायला नको, काही सोडायला नको, नुसती माफी घ्या आणि घरी जा, अशी कृपा म्हणजे फसवणूक. हिटलरच्या विरोधात गेल्यामुळं १९४५ साली त्याला फाशी दिलं.

बायबलातच जक्कयाची गोष्ट आहे. जक्कय हा जकात गोळा करणारा, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. जक्कय उठून सांगतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. तेव्हा कुठं येशू म्हणतो, आज ह्या घराला तारण मिळालं. वाचलंत? चौपट! इथल्या सवर्णाला कृपा पाहिजे असेल तर त्याच्यासाठी ही गोष्ट आहे. जमीन, पाणी, पुस्तक, इज्जत — जे घेतलं ते चौपट परत कर. मग तुझ्या पश्चात्तापाचं बोलू.

६. दोन प्रकरणं

बाबासाहेबांनी शेवटी बुद्ध निवडला. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. १९५७ साली, त्यांच्या पश्चात, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' निघाला. त्यात ते स्पष्ट सांगतात की बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. तो तुमचं देणं फेडत नाही. वाट दाखवतो, चालायचं तुम्ही.

पण त्या ग्रंथातली एक गोष्ट माझ्या वाचनात आली ती सांगून थांबतो. बुद्धाकडं आलेल्या माणसांची बाबासाहेबांनी वेगवेगळी प्रकरणं केली. एका प्रकरणात खालच्या मानलेल्यांची धम्मदीक्षा. न्हावी उपाली, भंगी सुनीत, महारोगी सुप्रबुद्ध. बायकांचं प्रकरण वेगळं. आणि त्यानंतर आणखी एक वेगळं प्रकरण, पतित आणि गुन्हेगारांचं. त्यात अंगुलिमाल, बोटांची माळ घालणारा खुनी.

दोन प्रकरणं! सुनीत भंगी पतितांच्या यादीत नाही. झाडू मारणारा पडलेला नाही, त्याला पाडलेलं आहे. पडलेला आहे तो अंगुलिमाल, कारण त्यानं माणसं मारली. शेकडो वर्षं जे दोन शब्द एकात कालवले गेले होते, 'खालचा' आणि 'पापी', ते बाबासाहेबांनी अनुक्रमणिकेतच वेगळे करून टाकले. पतितपावनवाल्यांना, कर्मवाल्यांना, मिशनऱ्यांना, सगळ्यांना हे एकच उत्तर.

आणि तरी अंगुलिमालाला पण दार उघडं आहे, हे विसरू नका. पाली ग्रंथ सांगतात, भिक्खू झाल्यावरही लोकांनी त्याला दगड मारले, डोकं फुटलं, भिक्षापात्र फुटलं. बुद्ध त्याला सहन कर म्हणाला. क्रुसावरच्या चोराला त्याच दिवशी स्वर्ग मिळाला. अंगुलिमालाला संघात जागा मिळाली, पण किंमत मोजावी लागली. मला ही गोष्ट जास्त खरी वाटते. माणूस बदलू शकतो आणि बदलल्यावरही हिशेब उरतो, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी.

हे मी आपल्यासाठी लिहितो आहे. आपल्या चळवळीत कडकपणा आहे, तो पाहिजेच. जून १९३६ मध्ये मुंबईत मुरळ्या, देवदासी, जोगतिणींच्या सभेत बाबासाहेब कडक बोलले, हा धंदा सोडा म्हणाले. पण ते त्यांच्यात जाऊन बोलले, दार लावून आतून बोलले नाहीत. आपण काय करतो? एखाद्याच्या घरात अजून जुना देव सापडला की त्याला वाळीत टाकतो. दारू पिणाऱ्या हमालाला शाखेच्या बैठकीत बसू देत नाही. उशिरा आलेल्याला विचारतो, इतके दिवस कुठं होतास? तो काय सांगणार? मला कुणी बोलावलंच नाही!

म्हणून आपल्याला वरून पडणारी कृपा नको. ज्यानं आपल्याला पाडलं त्याला स्वस्तात माफीही नको. पण द्राक्षमळ्यातली ती रोजी आपण घ्यावी. संध्याकाळी आलेल्या माणसालाही पूर्ण भाकरी, पूर्ण मान. ती देव देणार नाही, आपणच द्यायची आहे.

पापाची कबुली आपण देणार नाही, कारण ते पाप आपलं नव्हतं. हिशेब मागणार. आणि तो मागायला निघताना आपल्याच रांगेतल्या शेवटच्या माणसाची रोजी कापणार नाही.

जयभीम.